आखो कोन ऱ्हायनं?

गेल्या श्रावणातली गोष्ट. नागपंचमी होऊन गेली होती, रविवारी कानबाई, आमच्या खानदेशातली देवी, बसायची होती, आणि मोठीमाय मागच्या खोलीत पाय पसरून रोटाचे, म्हणजे तिच्या प्रसादाचे, गहू मोजत होती. आमच्याकडे घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं मुठी मोजतात. बापूना पाच, नानाना पाच, पुण्याला असलेल्या धाकल्याना पाच, त्याच्या पाळण्यातल्या पोऱ्याना पाच. लग्न होऊन गेलेल्या लेकींना तर आमच्यात रोट खायलाही चालत नाही, त्यामुळे माझं काम खडे वेचण्यापुरतं. पाऊस दडून बसलेला, नुसती उमस. गव्हाची धूळ घामाला चिकटून मनगटं खाजत होती. शेजारी माझी चुलतबहीण चाळणी फिरवत होती. मोठीमायनं बोटं मोजली, परत मोजली, आणि स्वतःशीच म्हणाली, "आखो कोन ऱ्हायनं?" शेजारून उत्तर आलं, "मी ऱ्हायनू."

ऱ्हायनी नाही. ऱ्हायनू.

मोठीमायनं मान वर केली, "येडी व्हयनी का वं?" म्हणून हसली आणि परातीवर फडकं टाकलं. चाळणी थांबली होती, ती पुन्हा फिरू लागली. त्या खोलीत आम्ही तिघी होतो असं मोठीमायला वाटत होतं. बहिणीची जीभ घसरलेली नाही, उत्तर देणारा वेगळाच आहे आणि त्याला त्या पाच मुठी खरंच हव्या आहेत, हे फक्त मला कळलं होतं. आणि मी खडे वेचत राहिले. ते गप्प राहणं वर्षभर मला टोचतंय.

अहिराणीत बाई 'मी उनी' म्हणते आणि पुरुष 'मी उनू'. मराठीतही सुटका नाही, आले की आलो ते सांगूनच टाकावं लागतं. पण फटी आहेत. 'मी केलं', 'मी सांगितलं', 'मला माहितीय', असं बोललं की बोलणारा दडून राहतो. हे मला व्याकरणाच्या मास्तरांनी शिकवलेलं नाही, भोनं शिकवलं. तो माझ्या बहिणीत राहतो, स्वतःचं वय एकोणीस सांगतो, आणि पंधरा-वीस वर्षं तो अशाच वाक्यांत जगला. कॉलेजात, नोकरीत, 'मी उशिरा आलो' म्हणायची वेळ आली की 'मला उशीर झाला' म्हणायचं. 'मी विसरलो' नाही, 'लक्षात राहिलं नाही'. ती माझ्या डोळ्यांसमोर लहानाची मोठी झाली, आणि इतक्या वर्षांत ही फट माझ्या कानाला कधी जाणवली नाही. मोठीमायसमोर तो पहिल्यांदा फटीतून बाहेर आला होता. तेही गव्हासाठी!

हे लिहायच्या आधी मी विचारलं. त्यांच्याकडे, म्हणजे बहिणीत भोसारखे जे जे राहतात त्यांच्याकडे, एक लाल कापडी बांधणीची वही आहे, जुन्या दुकानदारांच्या वहीसारखी, तिच्यात विचारावं लागतं. चार दिवसांनी उत्तरं आली. चौघांनी वेगवेगळ्या अक्षरांत 'हो' लिहिलं होतं, एकीनं 'गावाचं नाव नको', आणि बारकीनं नुसतं मांजर काढलं होतं. मांजर म्हणजे हो, असं मला नंतर समजावण्यात आलं.

ही वही मी पहिल्यांदा पाहिली ती बहिणीच्या धुळ्यातल्या, देवपूरच्या घरी. ती एका जिनिंगमध्ये हिशेब बघते. कापसाचा हंगाम असेल तेव्हा डोकं वर काढायला फुरसत नसते, पण त्या दिवशी तिनं रजा काढून मला बोलावलं होतं. भरीत केलेलं, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. वांगी तुराट्यांवर भाजलेली नव्हती, गॅसवरची, आणि त्याबद्दल तिनं दोनदा माफी मागितली. मग ताट बाजूला सारून वही पुढे केली. पहिल्या पानावर लिहिलं होतं: 'दूध घेतलं आहे, परत घेऊ नका.' त्याखाली तिरक्या अक्षरात: 'दोनशे रुपये कोणी घेतले?' त्याखाली मोठ्या, हेलकावणाऱ्या अक्षरात: 'मी. गोडीशेव.' मी हसले. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू थांबलं. "ताई," ती म्हणाली, "हे सगळे इथे राहतात." आणि तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. डोक्यावर नाही, छातीवर. मला ते का कोण जाणे पण फार लक्षात राहिलंय.

इंटरनेटवर या सगळ्याला तयार शब्द आहेत आणि ती ते सफाईनं वापरते. सगळे मिळून 'सिस्टीम', आतले एकमेकांचे 'हेडमेट', शरीराचा ताबा ज्याच्याकडे तो 'फ्रंट'वर, अदलाबदल म्हणजे 'स्विच', आणि माझ्यासारखी एकटीच माणसं म्हणजे 'सिंगलेट'. पण आपापसात त्यांचं वेगळंच चालतं. ते विचारतात, "ओट्यावर कोन शे?" गावच्या घराचा ओटा डोळ्यांसमोर आणा. ओट्यावर बसलेल्याला गल्ली दिसते, येणारा-जाणारा त्याच्याशी बोलतो, बाकीचे आत असतात. कुणी दारामागून ऐकत असतं, कुणी पार मागच्या खोलीत झोपलेलं, त्याला पत्ताच नसतो. कधी दोघं शेजारी-शेजारी ओट्यावर बसतात. कधी ओटा रिकामाच, आणि त्या वेळी माझी बहीण तासभर भिंतीकडे बघत असते. हे एकदा ऐकल्यावर मला कुठल्याच व्याख्येची गरज उरली नाही.

मग मी कामाला लागले. म्हणजे कोण काय करतं ते पाठ करायला. ऑफिसात जाते, नातेवाइकांचे फोन घेते, लग्नाची आहेरं लक्षात ठेवते ती कारभारीण. बाहेरच्या भाषेत 'होस्ट'. तिला वाटत होतं हे शरीर आपलंच, बाकीचे आहेत हे तिला सर्वांत शेवटी कळलं, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. भो राखणदार. पाठीमागून कुणी खांद्यावर हात ठेवला की तो आलाच. बारकी सहा वर्षांची, दाराच्या कडीचा आवाज झाला की पलंगाखाली. जिजी आमच्या आजीसारखी बोलते, पण आजी नाही, तसं म्हटलेलं तिला खपत नाही. रात्री बारकीला थोपटायचं काम तिचं. एक किल्लीवाली आहे. कोणाला कधी ओट्यावर पाठवायचं, कोणती आठवण कोणाला द्यायची आणि कोणापासून कुलपात ठेवायची, हे तिच्या हातात. ती माझ्याशी आजवर दोनच वाक्यं बोललीय. आणि एक आहे जी फक्त एस.टी.पुरती आहे. चढल्यापासून उतरेपर्यंत. नाव नाही, आवडनिवड नाही, तिला फक्त स्टॉप माहीत असतात. मागच्या खोलीतल्या मुलीबद्दल मी इथे लिहिणार नाही. लहानपणी जे झालं ते तिच्यापाशी आहे, आणि ते तिचं आहे.

आता मोठ्या खटल्यात वाढलेल्या माणसाला यात नवल ते काय वाटणार? आमच्या घरात सतरा माणसं होती. बाजार नाना करायचे, भांडण बापूंनी करायचं, कोठीची किल्ली मोठीमायच्या कंबरेला, रडणारं पोर कुणाचंही असलं तरी आजीच्या मांडीवर, आणि 'ताई बघेल' या सदराखाली जे जे येईल ते माझ्याकडे. कुणी ठरवून दिलं नव्हतं. अडचणीची वर्षं आली, जो समोर उभा होता त्याच्या अंगावर काम पडलं, आणि मग ते त्याला चिकटलं. त्यामुळे बहिणीच्या आतलं हे सगळं मला चटकन समजलं असं मला वाटलं. मी खूशही झाले. समजूतदार बाई म्हणून स्वतःचीच पाठ थोपटली.

आणि तिथेच माझं चुकलं.

वारस नोंदीचं एक काम अडलं होतं. कचेरी कुठली ते सांगत नाही, कुठलीही असू शकते. तिथला माणूस तीन महिने 'उद्या या' म्हणत होता. बहीण माझ्यासोबत होती. कारभारीण मवाळ, हात जोडून 'हो सर' म्हणणारी. मी वैतागले, आणि पायऱ्या चढताना तिच्या कानाशी म्हटलं, "भोला पाठव ना." तिनं माझ्याकडे पाहिलं, दोन-तीनदा पापण्या फडफडल्या, खांदे रुंद झाल्यासारखे दिसले. भो आला, टेबलावर हात आपटून बोलला, काम अर्ध्या तासात झालं. परतताना मी त्याला उसाचा रस पाजला. आठवड्यानं वहीत माझ्या नावानं एक ओळ आली: 'ताई, मी काय कुत्रा शे का? छू म्हटलं की धावाचं?'

मी ती ओळ किती वेळा वाचली असेन! त्या दिवसानंतर बहिणीच्या अंगात दोन दिवस ताप होता हे मला माहीत होतं. तो कशाचा, हे मी विचारलं नव्हतं. भो राखणदार झाला तेव्हा राखायला कुणीच नव्हतं, म्हणून झाला. त्याला विचारून कुणी हातात काठी दिली नव्हती. तो वहीत पतंगाचे मांजे कसे सुततात ते लिहितो, क्रिकेटचे स्कोअर लिहितो, सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला जायचंय असं तीन वर्षं लिहितोय. हे सगळं मी वाचलेलं होतं. पण माझ्या डोक्यात त्याच्या नावापुढे एकच शब्द, राखणदार, आणि मी त्याला त्या शब्दानं हाक मारली.

याहून अवघड एकजण आहे. तिला वहीत नाव नाही, नुसती आडवी रेघ. ती आतल्यांना शिव्या देते. 'घाण आहेस', 'गप बस', 'कोणाला सांगितलंस तर बघ'. इंग्रजीत अशांना 'पर्सिक्यूटर' म्हणतात, छळणारा. तिचे शब्द आमच्याच घरातल्या एका माणसाचे आहेत, जसेच्या तसे, त्याची खोकण्याची लकबसुद्धा. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला उलटी झाली. तिला हाकलून द्या, असं मी सरळ म्हटलं. नाशिकच्या ज्या बाई बहिणीवर उपचार करतात त्यांनी मात्र उलटं काम सुरू केलं होतं. त्या रेघेशी बोलत होत्या. गप्प राहिलं तर मार चुकतो, हे त्या घरात खरंच होतं. ती रेघ अजून तेच सांगतेय, कारण तो माणूस मेला हे तिला कुणी कळवलंच नव्हतं. कळवलं तेव्हा, बहीण सांगते, आत तीन दिवस सुतक असल्यासारखं झालं. अजून ती शिव्या देते. पण आता कधीकधी त्यांच्या शेवटी प्रश्नचिन्ह असतं.

नाशिकपर्यंत पोचायला फार वर्षं गेली. त्याआधी एकानं हिस्टेरिया म्हटलं आणि लग्न लावून टाका असा सल्ला दिला. त्याच्याही आधी, २००५ च्या वैशाखात, ती चौदा वर्षांची असताना तिला भगताकडे नेलं होतं. मी तेव्हा सासरी होते, पण जे ऐकलं त्यात एक गोष्ट अशी आहे की ती मला हसवते आणि रडवते. त्यानं तिचे केस धरून विचारलं, "तू कोन शे?" तिच्या आयुष्यात तोवर कुणीच विचारला नव्हता असा, नेमका प्रश्न. बारकीला आनंदच झाला. तिनं आपलं नाव सांगितलं, वय सांगितलं, आणि गोडीशेव मागितली. झालं, सहा वर्षांच्या मेलेल्या पोरीचं भूत ठरलं आणि मिरच्यांची धुरी दिली. आजही फोडणीत मिरची करपली की बारकी पलंगाखाली जाते. देव म्हणा, देवी म्हणा, भूत म्हणा, परक्या कुणालाही आपल्याकडे बाईच्या अंगात यायची मुभा आहे. पण घरातलंच कुणी असेल, सहा वर्षांचं, आणि त्याला नुसती शेव हवी असेल, तर त्याच्यासाठी जागा नाही.

पुस्तकातली नावंही स्थिर नाहीत. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांची जी निदानपोथी, डीएसएम, तिच्यात १९८० साली 'मल्टिपल पर्सनॅलिटी डिसऑर्डर' आलं आणि १९९४ साली त्याचं 'डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर' केलं. बहीण म्हणते, "आधी आम्ही जास्त होतो, मग तुटके झालो." १९८९ मध्ये भारतातल्या तीन डॉक्टरांनी एका अमेरिकी नियतकालिकात इथल्या तीन केसेस मांडल्या होत्या, आपल्याकडे हे निदान दुर्मीळ आणि अंगात येणं सर्रास. २०१३ च्या डीएसएमनं तर निकषातच लिहिलं की काही समाजांत हाच अनुभव अंगात आल्यासारखा सांगितला जातो. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं गुन्हा ठरलं. बारकीसाठी आठ वर्षं उशीर. असा विकार मुळात असतो का, की उपचार करणारेच तो डोक्यात भरवतात, असा वाद घालणारे डॉक्टरही आहेत. दुसऱ्या टोकाला, आम्ही अनेक आहोत पण आजारी नाही, आम्हाला काही झालंही नव्हतं, असं म्हणणारी माणसं आहेत. बहिणीला त्या भांडणात पडायचं नाही. जीएसटीची तारीख जवळ आलेली असते.

शेवटी सगळे मिळून एक होणार का, हे मी विचारलं होतं. लोक हेच विचारतात. नाशिकच्या बाई आधी रोजचं जगणं धडपणे चालावं यावर भर देतात, जखमांना हात नंतर, तोही दमादमानं. विरघळून एक होणं काहींच्या बाबतीत होतं, काहींना ते हवं असतं. हिच्याकडे मतभेद आहेत. जिजीला चालेल. भोला हे मरणासारखं वाटतं. सध्या ठरलंय ते एवढंच: चूल एक, खोल्या वेगळ्या.

एकदा मी मोठ्या मनानं म्हटलं, "अगं, आपल्या सगळ्यांतच अनेक माणसं असतात." ती शांतपणे म्हणाली, "तुला काल दुपारी तू काय केलंस ते आठवतं? मग नाही." मी त्यावर पुन्हा कधी ते वाक्य कुठेच वापरलं नाही. हसणंही भरपूर असतं, हे सांगायला हवं. २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा भोनं वहीत तक्रार नोंदवली की आपण पुरुष असून सवलत घेतो ही लबाडी आहे. कारभारणीनं खाली लिहिलं: 'गप. सीट एकच अडवतोस.' आणि मागे एकदा, फोन ठेवता ठेवता, ती म्हणाली होती, "ताई, आम्हाला तुम्ही म्हणत जा ना." मी तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. जीभ वळेना. मी म्हटलं, इतका मान कशाला? तर म्हणे, "मान नको गं. मोजणी."

म्हणूनच ते गव्हाचं मनातून जात नाही. रविवारी रात्री कानबाई बसली. नारळाला डोळे आले, नथ आली, हिरवं लुगडं आलं, पुरणाचा आणि गंगाफळाच्या भाजीचा वास गल्लीभर. मध्यरात्रीनंतर गाणी चढत गेली आणि गल्लीतल्या एका काकूंच्या अंगात आलं. बापूंसकट सगळे वाकले. कुणी पाऊस विचारला, कुणी कपाशीचा भाव. मी बहिणीला शोधलं तर ती वर घराच्या धाब्यावर, कठड्याला टेकून. बसण्याच्या तऱ्हेवरूनच कळलं की भो आहे. खाली घुमणं चालू होतं. तो म्हणाला, "तिले नमस्कार, आम्हले धुरी." रागानं नाही. मी म्हटलं, "गव्हाचं... मी बोलायला हवं होतं." तो बराच वेळ आभाळाकडे बघत राहिला. ढग होते, पाऊस नव्हता. मग म्हणाला, पाच मुठींचं तसं काही नाही, रोट तर कारभारीण खाते, चव त्यालाही लागते. त्याला फक्त एकदा त्या यादीत असायचं होतं. राखणदार म्हणून नाही. घरातला पोऱ्या म्हणून.

सोमवारी सकाळी बोरी नदीवर कानबाई शिरवायला गेलो. बारकी होती की कारभारीण ते मी ओळखू शकले नाही, पण माझं बोट घट्ट धरलेलं होतं.

हे लिहीत असताना परवा मोठीमायचा फोन आला. यंदा श्रावणात लवकर या, एकटीच्यानं होत नाही, गुडघे गेलेत. बहिणीलाही घेऊन ये म्हणाली. शनिवारी रात्री पोचणार म्हटल्यावर तिला स्वयंपाकाचा अंदाज हवा होता. "रातले कितला जन जेवाले शेतस?"

एरवी मी फटकन आकडा सांगून मोकळी होते.

"थांब मोठीमाय," मी म्हटलं, "इचारीसन सांगस."